आठवारी आणि एडिनबराचा वारा

स्कॉटिश पुरुष नेसतात त्या किल्टला पूर्ण मापाचं म्हणून आठ वार कापड लागतं. म्हणजे आपल्या नऊवारीला एकच वार कमी. फक्त निऱ्या पुढे न येता मागे येतात, आणि काष्टा नसतो. वाऱ्याशी जे काही भांडण होतं ते या काष्ट्याच्या अभावी. मित्राच्या लग्नासाठी पहिल्यांदा भाड्याने किल्ट आणला, तेव्हा वेव्हर्ली स्टेशनातून प्रिन्सेस स्ट्रीटला चढणाऱ्या जिन्यात मला हे कळलं. तिथे वारा खालून वर येतो आणि माझ्या दोन्ही हातांत आहेराची खोकी होती.

तयारी दुकानातच सुरू करा. कापड १६ औंसाचं मागा, निदान १३. दहा-अकरा औंसाचं हलकं कापड ओढणीसारखं उडतं. १६ औंसाचा आठ वारी किल्ट दोन किलोच्या आसपास भरतो आणि ते लोकरीचं वजनच निऱ्या खाली ओढून धरतं. पुढच्या सगळ्या युक्त्या या वजनाला जोड म्हणून आहेत, त्याच्याऐवजी नाहीत.

आता आत काय घालायचं. काही न घालण्याची फौजी परंपरा सगळ्यांना ठाऊक असते आणि लग्नात निदान तीन जण त्यावरून विचारतात. भाड्याचा किल्ट तुमच्यानंतर दुसरं कोणी नेसणार आहे, एवढं लक्षात घेऊन गडद रंगाची, मांडीला घट्ट बसणारी आखूड चड्डी घालावी. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबरात आला तेव्हा त्याने किल्टखाली चक्क अंगाच्या रंगाची तंग विजार घातली होती. लोक हसले, पण वाऱ्याची काळजी त्याला नसणार.

शर्ट, लोकरीचे लांब मोजे आणि बूट किल्टच्या आधी चढवा. या बुटांच्या लांबलचक नाड्या घोट्याभोवती गुंडाळाव्या लागतात, आणि किल्ट कसल्यावर धड वाकता येत नाही.

मग किल्ट. निऱ्या पाठीशी धरा आणि कमरपट्टी बेंबीच्या पातळीवर आणा. पँटसारखा खाली नेसलात तर दहा पावलांत घसरेल. उजव्या हातातला आतला पदर पोटावरून डावीकडे न्या, त्याचा पट्टा डाव्या बाजूच्या काजासारख्या फटीतून बाहेर काढून बक्कलात कसा. वरचा पदर डावीकडून उजवीकडे. झालरीची कड उजव्या मांडीवर यायला हवी. कमरेचं बक्कल घट्ट, त्याखालचं नितंबावरचं सैलसर. तेही आवळलं तर मागच्या निऱ्या फाकतात आणि वाऱ्याला आयतं दार मिळतं. गुडघे टेकून बघा: खालची कड जमिनीला जेमतेम टेकली पाहिजे. उभं राहिल्यावर ती गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर येते.

पिन फक्त वरच्या पदराला लावायची, खालच्या उजव्या कोपऱ्यात. ती वजनासाठी आणि शोभेसाठी. साडीला पिना लावणाऱ्या घरातून आलेला मी, दोन्ही पदर एकत्र टोचून मोकळा झालो. पहिलंच लांब पाऊल टाकलं आणि कापडाला दोन भोकं पडली. अनामत रकमेतून त्याचे पैसे कापले गेले, आणि ते बरोबरच होतं.

स्पॉरन, म्हणजे पुढे लटकणारी चामड्याची पिशवी, कंबरपट्ट्याच्या बक्कलाखाली चार बोटांवर येईल अशी बांधा. तिची साखळी मागच्या लुपांतून ओवायची. फोन आणि किल्ल्या तिच्यातच टाका. त्या वजनाने पुढचा पदर जागेवर बसतो. (नाचताना मात्र ती बाजूला सरकवा. का, ते पहिल्या गिरकीत कळेल.)

बाहेर पडल्यावर वाऱ्याकडे तोंड करावं. सपाट पदर मांड्यांना चिकटतो आणि स्पॉरन त्याला दाबून धरते. बाजूचा वारा असेल तर डावी कूस वाऱ्याकडे ठेवा, कारण पदराची मोकळी कड उजवीकडे आहे. फोटोवाला कॅल्टन हिलच्या टेकडीवर नेईलच. तिथे त्याला जागा बदलायला सांगा, स्वतः वळू नका. जिना चढताना एक तळहात मागे निऱ्यांवर, म्हणून आहेर दुसऱ्याकडे द्या. बसताना दोन्ही हातांच्या पाठींनी निऱ्या खाली सारत बसायचं, परकर सावरतात तसं. हे घरी आरशासमोर पाच-सहा वेळा करा. पहिल्या वेळी आपण काहीतरी हरवलेलं शोधतोय असं दिसतं.

आणि परतताना डबलडेकर बस मिळाली, तर वरच्या मजल्यावर सगळ्यांत शेवटी चढा.