कोवळे ऊन, त्वचा आणि शरीराचे घड्याळ

बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसण्याची पद्धत माळव्यातील मराठी घरांतूनही टिकून आहे. या उन्हाने बाळाला रात्री शांत झोप लागते, हाडे बळकट होतात आणि कावीळ उतरते, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. या तीन समजुतींचा शास्त्राच्या कसोटीवर वेगवेगळा निकाल लागतो.

प्रथम झोपेविषयी. शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असते. दृष्टिपटलातील मेलॅनॉप्सिनयुक्त पेशी त्याला प्रकाशाची वार्ता देतात. त्वचाही ती देते काय? १९९८ मध्ये कॅम्पबेल व मर्फी यांनी गुडघ्यामागील त्वचेवर प्रखर प्रकाश टाकून हे घड्याळ सरकते, असा निष्कर्ष मांडला. मात्र २००२ मध्ये राइट व झायस्लर यांनी डोळ्यांना प्रकाश लागू न देता प्रयोग केला, तेव्हा घड्याळ सरकले नाही. त्वचेच्या पेशींना स्वतःची दैनंदिन लय असते हे खरे. परंतु मुख्य घड्याळ लावतात ते डोळेच. म्हणून बाळाला दिवसा उजेडाच्या खोलीत ठेवावे व रात्रीचे स्तनपान मंद दिव्यात करावे. झोपेचे दिवस-रात्रीचे चक्र साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आकार घेऊ लागते. तोवर आईने धीर धरावा.

हाडांसाठी लागणारे 'ड' जीवनसत्त्व मात्र त्वचेतच तयार होते. त्यासाठी अतिनील-ब किरण लागतात. सूर्य क्षितिजालगत असताना ते फारच थोडे पोहोचतात. खिडकीच्या काचेतून तर जवळजवळ नाहीच. म्हणून पहिल्या वर्षी 'ड' जीवनसत्त्वाचे रोज ४०० युनिट थेंबांवाटे देणे हाच भरवशाचा मार्ग होय.

काविळीत गोष्ट उलट आहे. १९५८ मध्ये क्रेमर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रकाशोपचारात काम त्वचेवर होते आणि डोळे झाकावे लागतात. सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश बिलिरुबिनचे रूप पालटतो व ते शरीराबाहेर पडू शकते. उन्हातही हा प्रकाश असतो. पण त्याची मात्रा मोजलेली नसते आणि उघड्या बाळाला थंडी बाधू शकते किंवा त्वचा भाजू शकते. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, किंवा बाळाने दूध सोडणे, सुस्तावणे, यांपैकी काहीही दिसल्यास उन्हाची वाट न पाहता त्याच दिवशी बिलिरुबिन तपासावे. ते अतिशय वाढल्यास मेंदूला कायमची इजा होते व श्रवणशक्तीही जाऊ शकते.

कोवळ्या उन्हात आई आणि बाळ सुखाने बसोत. त्या उन्हाला औषधाची जागा मात्र देऊ नये.