जसा मदतनीस, तसे नेतृत्व : चिकित्सेच्या तिसऱ्या पादाविषयी

रुग्ण समोर बसला की आपण प्रथम त्याची प्रकृती पाहतो. सार, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, वय अशा दहा अंगांनी परीक्षा करून मगच औषध व मात्रा ठरवितो. एकाच व्याधीच्या दोन रुग्णांस डोळे मिटून एकच मात्रा देणाऱ्या वैद्यास आपण कुशल म्हणत नाही. परंतु औषधालयात किंवा निर्माणशाळेत मदतनिसांशी वागताना हा विवेक पुष्कळदा मागे पडतो. नवखा असो वा वीस वर्षांचा जुना, सर्वांना एकाच स्वरात काम सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार करावयाचा आहे.

शास्त्राची भूमिका

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. उपस्थात्याचे गुणही चार : उपचाराचे ज्ञान, दक्षता, ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयी अनुराग आणि शुचिता. वाग्भटांनी अष्टांगहृदयात अनुरक्त, शुचि, दक्ष व बुद्धिमान असा परिचारक अपेक्षिला आहे. चारही गुण पहिल्या दिवसापासून अंगी असलेला मदतनीस क्वचितच लाभतो. ज्ञान व दक्षता ही कौशल्याची बाजू, तर अनुराग ही मनाची बाजू. प्रत्येकात या दोहोंचे प्रमाण वेगळे असते. कोणात काय उणे आहे हे ओळखून तेवढीच भर घालणे, हे प्रमुखाचे कर्तव्य होय.

आधुनिक व्यवस्थापनशास्त्रातही हाच विचार आढळतो. पॉल हर्सी व केन ब्लँचर्ड या अमेरिकन अभ्यासकांनी 1969 साली असे मांडले की, कार्यकर्त्याची तयारी पाहून नेतृत्वाची रीत बदलावी. सांगणे, पटविणे, सहभागी करून घेणे व सोपविणे अशा चार रीती त्यांनी वर्णिल्या. पुढील संशोधनात हा सिद्धान्त सर्वांशी खरा ठरला नाही. रॉबर्ट व्हेकिओ यांनी 1987 साली शिक्षकांवर केलेल्या पाहणीत नवख्यांच्या बाबतीत त्यास अधिक आधार मिळाला. म्हणून हे कोष्टक वेदवाक्य न मानता निदानाचे एक साधन म्हणून वापरावे, असे आम्हास वाटते.

चार अवस्था

धामणगाव रेल्वेसारख्या गावी हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत मजूर शेताकडे वळतो, आणि हाताखाली तयार झालेला तरुण अमरावती वा नागपूरची गाडी धरतो. एक जाणता हात गेला की त्याच्याबरोबर पाकाची पारखही जाते.

पहिली अवस्था नवख्याची. उत्साह असतो, ज्ञान नसते. येथे स्पष्ट सांगणे हीच दया. भल्लातकाच्या शोधनास बसविलेल्या मुलास ‘बिब्बा जपून हाताळ’ एवढे सांगणे पुरेसे नाही. हातास काय लावावे, तेल कातडीवर उडाल्यास काय करावे, हे समोर उभे राहून दाखवावे लागते. त्यास मोकळीक देणे म्हणजे त्याचा हात भाजू देणे होय.

दुसरी अवस्था थोडे शिकून कंटाळलेल्याची. चूर्ण तीन वेळा का गाळावयाचे, भावना मोजून का द्यावयाच्या, हे न कळल्याने तो काम उरकतो. त्यास पुन्हा हुकूम न देता कारण समजावून द्यावे.

तिसरी अवस्था काम येत असूनही धास्तावलेल्याची. ‘ताई, हा पाक झाला का? तुम्हीच सांगा,’ असे विचारून निर्णय तिच्याकडून घ्यावा व आपण केवळ पाठीशी उभे राहावे.

चौथी अवस्था निष्णाताची. सिद्ध होताना तेलास फेस येतो व घृताचा फेस शमतो, कल्काची वात बोटांत वळते व अग्नीवर तडतडत नाही, हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्या काकाजींच्या भट्टीशी दर घटकेस जाऊन उभे राहणे हा त्यांचा अवमान होय. काम सोपवावे व शेवटी एकदा पाहावे.

व्यक्ती नव्हे, काम पाहावे

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानी घ्यावा. वरील अवस्था माणसाच्या नसून त्याच्या त्या-त्या कामातील आहेत. तैलपाकात निष्णात असलेले काकाजी संगणकावर बॅचची नोंद करताना नवखेच असतात. तेथे त्यांच्यावर सर्व सोपवून नंतर चुका काढल्यास त्यांचा मान दुखावतो आणि नोंदीही बिघडतात. उलट, नोंदवहीत तरबेज असलेल्या तरुणीस भट्टीजवळ पुन्हा शिष्या व्हावे लागते. म्हणून ‘हा हुशार, तो मठ्ठ’ असे शिक्के मारू नयेत.

काय बदलू नये

रीत बदलावी, नियम बदलू नये. उपस्थात्याचा चौथा गुण जी शुचिता, ती सर्वांस सारखीच. औषधनिर्मितीच्या उत्तम पद्धतींविषयीचे परिशिष्ट ‘टी’ 2000 साली लागू झाले. त्यात कामगारांची स्वच्छता, वार्षिक वैद्यकीय तपासणी व नोंदी यांची अपेक्षा आहे. परिशिष्ट ‘ई (1)’ मधील वत्सनाभ, भल्लातक, कुचला यांसारख्या विषारी द्रव्यांचे वजन व शोधन दुसऱ्या जबाबदार व्यक्तीने तपासावे, मग करणारा कितीही जुना असो. हा अविश्वास नव्हे, हे प्रथमच सर्वांसमक्ष सांगून ठेवावे. तसेच कोणास अधिक मोकळीक का आहे, हेही उघड सांगावे. अन्यथा त्याचा अर्थ पक्षपात असा घेतला जातो.

व्यवहारात एवढे करावे : एका कागदावर डावीकडे मदतनिसांची नावे, वरती कामे, आणि प्रत्येक चौकटीत अवस्थेचा अंक लिहावा. ऋतुचर्येप्रमाणे दर ऋतूस हा कागद पुन्हा पाहावा. ज्याचा अंक वाढला त्याच्यावरील देखरेख तेवढी कमी करावी. ज्याचा वर्षभर हललाच नाही, त्याच्याकडे पाहण्यापूर्वी आपण शिकविले काय व कसे, हे तपासावे. मात्रा चुकली असता आपण रुग्णास दोष देत नाही. तोच न्याय येथेही लागू करावा.