किट घेण्याआधी गाडीखाली जा

पाचगणी

चि. बाळास,


तुझं पत्र आणि त्यासोबतचं गाडी उंच करायच्या लिफ्ट किटचं दरपत्रक मिळालं. दोन इंची घेऊ की चार इंची, एवढंच तू विचारलं आहेस. एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण त्याच गाडीत मागच्या सीटवर माझी ताई बसते आणि तुम्ही सगळे पसरणीचा घाट चढून माझ्याकडे येता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझी थार आज नेमकी कुठे टेकते, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. आधी ते शोध. शाळेतला पांढरा खडू पाण्यात कालव आणि गाडीखालच्या सगळ्या खालच्या भागांवर त्याचा हात फिरव: मागच्या डिफरन्शियलचा गोळा, पुढचे आर्म, गिअरबॉक्सखालचा आडवा पत्रा, सायलेन्सर, पुढचा-मागचा बंपर आणि दारांखालची कड. मग कोरड्या दिवसात रोजच्या शेतरस्त्याने एक फेरी मार आणि घरी येऊन पाठीवर झोपून बघ. जिथला खडू खरवडला गेला, तिथे तुझी अडचण. बंपर घासला असेल तर औषध वेगळं, पोट घासलं असेल तर वेगळं, आणि मागचा गोळा घासला असेल तर दरपत्रकातलं कुठलंच किट तुझ्या कामाचं नाही.

याचं कारण नीट समजून घे. २०२० साली आलेल्या तुझ्या थारची पुढची चाकं स्वतंत्र टांगलेली आहेत, मागे मात्र अखंड एक्सल आहे. पुढचा डिफरन्शियल चासीला बांधलेला असतो. स्प्रिंग उंच केले की चासी वर जाते आणि तिच्याबरोबर तोही वर जातो. मागचा गोळा एक्सलमध्येच असतो आणि एक्सल चाकांवर उभा. वर कितीही उंच स्प्रिंग घाल, तो जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहणार. कंपनी ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर सांगते. तू मागच्या गोळ्याखाली पट्टी उभी धरून स्वतः मोज. चार इंच लिफ्टनंतरही तिथला आकडा बदलायचा नाही. तो बदलतो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही निम्म्याने: टायरचा व्यास दोन इंच वाढला की गोळा एक इंच वर येतो.

तुझ्या मित्राच्या जिम्नीला तर पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहेत. त्याने लिफ्ट केली म्हणून आपणही करावी, हा हिशेब चुकीचा. शिवाय त्या गाडीत एक्सलला चासीशी बांधून ठेवणारा आडवा दांडा असतो. उंची वाढली की तो एक्सलला एका बाजूला ओढतो, आणि मग दांडाही बदलावा लागतो. एका गाडीचं किट दुसऱ्या गाडीचा दाखला होऊ शकत नाही.

माझं काय झालं तेही सांगतो. माझी पाटेवाली जीप होती. तरुणपणी तिचा रुबाब वाढावा म्हणून एका कारागिराकडून पुढच्या पाट्यांच्या शॅकल लांब करून घेतल्या. नाक दोन-अडीच इंच वर आलं. मला फार आनंद झाला. त्याच आठवड्यात वाईहून वर येताना वळण संपलं, तरी स्टेअरिंग आपसूक सरळ परतेना. हाताने ओढून आणावं लागलं. शॅकलमुळे एक्सल किंचित पुढे कलंडला होता, आणि चाकाला सरळ ठेवणारा कोन गेला होता. समोरून एसटी येत होती. पुढचं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या शॅकल परत बसवल्या. उंची एकटी वाढत नाही, तिच्याबरोबर दहा कोन बदलतात, हे मला तेव्हा कळलं.

आता किटविषयी. तुझ्या दरपत्रकात सगळ्यात स्वस्त आहे ती चकती, म्हणजे स्पेसर. ती स्प्रिंगच्या डोक्यावर बसते आणि गाडी उचलते. पण चाकाची हालचाल तिने वाढत नाही. गाडी आधीच वर उचललेली असल्यामुळे खड्ड्यात चाक खाली लटकायला जागा मात्र कमी उरते. ऑफ-रोडला खरी पकड मिळते ती चाक जमिनीला चिकटून राहण्यात. चाक हवेत गेलं की उंचीचा काही उपयोग नाही. फोटोसाठी चकती पुरते, रानासाठी पुरत नाही.

दुसरा प्रकार नव्या स्प्रिंगचा, त्यांच्याच मापाच्या शॉकअपसह. घ्यायचंच असेल तर हा घे. पण स्प्रिंगच्या उंचीआधी त्याचं ओझं विचार. ऑस्ट्रेलियातले कारखाने एकाच गाडीसाठी हलक्या, मध्यम आणि जड ओझ्याचे वेगवेगळे स्प्रिंग बनवतात. तू पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावणार नाहीस, मागे कायमचा टूलबॉक्स ठेवणार नाहीस, मग जड स्प्रिंग कशाला? रिकाम्या गाडीत ते दगडासारखे लागतील आणि ताईची कंबर धरेल. उंच स्प्रिंगवर जुनेच शॉकअप ठेवू नकोस. ते पूर्ण ताणले जाऊन आतून आपटतात.

उंची किती? माझं मत पक्कं आहे: तुझ्या गाडीला दीड ते दोन इंच, त्यापुढे नाही. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये दोन इंचांच्या वर गेलं की सीव्ही जॉइंट कायम तिरका फिरतो, त्याचं रबरी बूट फाटतं आणि बॉल जॉइंट टोकाला येतो. मग वरचे आर्म बदला, डिफरन्शियल खाली घ्या, असा खर्च एकामागून एक सुरू होतो. आणि गाडीचा भार जितका वर, तितकी ती वळणावर झुकते. घाटात ते पहिल्या वळणालाच कळतं.

बसवताना स्वतः हजर राहा. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे. जॅकवर लटकत असताना आवळले, तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. घाईत हीच चूक सर्रास होते. चाक पूर्ण खाली सोडून ब्रेकचा होज ताणला जातो का ते पाहा. नंतर अलाइनमेंट कर, हेडलाइटचा झोत खाली घे, आणि काही दिवस गाडी चालवून झाली की सगळे बोल्ट पुन्हा आवळून घे.

कायदाही माहीत असू दे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून पैसे देण्याआधी सांगलीच्या आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचार. तोंडी ‘चालतंय की’वर जाऊ नकोस.

तुझं रान काळ्या मातीचं. पावसात ती टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे उंचीने काही होत नाही. खोल खाचांचे टायर आणि कमी केलेली हवा, एवढंच कामाला येतं. चिखलात वीस पीएसआयपर्यंत हवा उतरव, डांबरावर येण्याआधी पुन्हा भर. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर घे. किटच्या आधी हाच खर्च कर.

आणि पाण्याचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या गल्ल्यांत शिरली, ते तू पाहिलं आहेस. थारला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं असं कंपनी म्हणते, ते साचलेल्या पाण्याबद्दल. वाहतं पाणी गाडीला बाजूने ढकलतं. दोन इंच वाढले म्हणून कधीही ओढ्यात घालू नकोस.

इथे आलास की गाडी टेबललँडवर किंवा दुसऱ्या कुठल्याही सड्यावर चढवायची नाही. हा सगळा भाग २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. जांभ्यावर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो आणि पावसाळ्यातली फुलं त्याच्यावरच उगवतात. चाक फिरलं की ती माती पहिल्या सरीत वाहून जाते. तापोळ्याचा रस्ता आहे, तिकडे मी स्वतः तुझ्या शेजारी बसेन.

सध्या दरपत्रक बाजूला ठेव. या रविवारी खडू आणि पट्टी घेऊन गाडीखाली जा. कुठे खरवडलं आहे आणि मागच्या गोळ्याखाली किती मिलिमीटर आहेत, ते मला कळव. आकडा आला की पुढचं बोलू. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा