टोपणनावामागचा माग

वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि 1858 च्या मार्च-एप्रिलमध्ये झाशीच्या वेढ्यात सापडले. पंचवीसेक वर्षांनी त्यांनी ती हकीकत लिहिली. ‘माझा प्रवास’ छापला गेला मात्र 1907 साली, ते हयात नसताना. हयातीत छापून स्वतःला लपवायचं असतं, तर टोपणनाव घेऊन भागलं नसतं. कोकणातला भिक्षुक, सोबत काका, वेढ्यातली झाशी, एवढ्या खुणा ओळखायला पुरेशा होत्या. इंटरनेटवरही माणूस नावापेक्षा खुणांनीच सापडतो.

गोडसे भटजींची झाशी पाहायला गेलेल्या प्रस्तुत लेखकाला याचा प्रत्यय स्टेशनवरच आला. फुकटच्या वायफायने आधी मोबाइल नंबर मागितला, मग ओटीपी. जोडणी नंबराला बांधली गेली आणि नंबर सिमच्या कागदपत्रांना. पुढे एका लॉजवर मॅनेजर आधार कार्डाचा फोटो स्वतःच्याच मोबाइलवर काढू लागला. लेखकाने मास्क्ड आधार पुढे केलं. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतं. त्यावर बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. जराशी कुरबुर झाली, खोली मिळाली.

पण असा माग चुकीचा निघाला तर? 2007 च्या ऑगस्टअखेर पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा आरोप होता. इंटरनेट कंपनीने दिलेल्या माहितीत आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे जोडणीचा क्रमांक, भलत्याच ग्राहकाच्या नावावर निघाला होता. निरपराध माणसाने येरवड्यात सुमारे 50 दिवस काढले.

माग खरा असो वा खोटा, आधी ठरवावं, लपायचं कोणापासून. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी घरच्यांपासून हिस्ट्री लपवते. इंटरनेट कंपनी आणि समोरच्या साइटपासून नाही. व्हीपीएन घेतलं की कंपनीला दिसणारं व्हीपीएनवाल्याला दिसू लागतं. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काहींनी भारतातले सर्व्हरच हलवले. टॉर ब्राउझर तीन टप्प्यांतून वाट काढतं, पण त्यावरून स्वतःच्याच जीमेलमध्ये शिरलं तर सगळं मुसळ केरात.

टोपणनावाच्या खात्याला रोजचा नंबर, रोजचा ईमेल, रोजचा फोटो जोडू नये. अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स वाचू दिले, तर तेच खातं ओळखीच्यांना ‘सुचवलं’ जाऊ शकतं. कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवावं. नाहीतर फोटोची मूळ फाइल पाठवली की ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही सोबत जातात.

एवढं करूनही कुणी छळलं किंवा बदनामी केली, तर पोस्ट उडवली जाण्याआधी तिची लिंक आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवावा. एकच आयपी अ‍ॅड्रेस वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ग्राहकांकडे असतो, त्यामुळे तपासात वेळेला फार महत्त्व असतं. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 हा हेल्पलाइन नंबर फिरवावा.