साथीचा काळ आणि रक्तदात्याची पात्रता

रक्त कारखान्यात तयार होत नाही. ते निरोगी माणसाकडूनच मिळते. म्हणून साथ पसरली की रक्तपेढीपुढे दुहेरी जबाबदारी येते. दाता, रुग्ण व कर्मचारी यांचे संसर्गापासून रक्षण करावयाचे आणि रक्ताचा पुरवठाही खंडित होऊ द्यावयाचा नाही. कोविड-१९ च्या साथीत या दोहोंचा मेळ घालणे किती कठीण असते, हे दिसून आले.

रक्तदात्यासाठी नेहमीचे निकष ठरलेले आहेत. वय १८ ते ६५ वर्षे, वजन किमान ४५ किलो व हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० व स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. मार्च २०२० मध्ये राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने यांत तात्पुरती भर घातली. बाधित प्रदेशातून आलेल्या, रुग्णाच्या संपर्कात आलेल्या तसेच आजारातून बऱ्या झालेल्या व्यक्तींचे रक्तदान २८ दिवस पुढे ढकलण्यात आले. हा विषाणू श्वसनमार्गाने पसरतो. रक्त दिल्याने तो रुग्णास झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि लक्षणे नसलेला बाधित दाता शिबिरात इतरांना संसर्ग देऊ शकतो, म्हणून ही दक्षता आवश्यक ठरली.

लसीकरण सुरू झाल्यावर नवा प्रश्न निर्माण झाला. मार्च २०२१ च्या आदेशानुसार लसीच्या शेवटच्या मात्रेनंतर २८ दिवस रक्तदान करता येत नव्हते. दोन मात्रांत २८ दिवसांचे अंतर धरले तरी दाता किमान ५६ दिवस दूर राही. तांबड्या पेशी मात्र फार तर ४२ दिवस आणि बिंबिका अवघे ५ दिवस टिकतात. म्हणजे साठवलेले रक्त संपले तरी दाता परत आलेला नसे. दि. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण खुले झाले. रक्तदात्यांचा मोठा वर्ग याच वयाचा. दि. ५ मे २०२१ रोजी ही मुदत प्रत्येक मात्रेनंतर १४ दिवस अशी कमी करण्यात आली. त्यामुळे दोन मात्रांच्या दरम्यानही रक्तदान शक्य झाले.

महाविद्यालये व कार्यालये बंद असली, शिबिरे रद्द झाली, तरी थॅलेसेमियाच्या बालकास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. प्रसूतीतील रक्तस्रावही साथ ओसरण्याची वाट पाहत नाही.

यातून ग्रामपंचायती व शिक्षकांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. रक्तदान पुढे ढकलणे म्हणजे दात्यास कायमचे अपात्र ठरविणे नव्हे. परत पाठविलेल्या दात्यास कारण समजावून सांगावे, पुन्हा येण्याची तारीख द्यावी व ती नोंदवहीत लिहून ठेवावी. त्या दिवशी त्याला आठवणीने बोलवावे. एका मोठ्या शिबिराऐवजी वेळा ठरवून लहान शिबिरे भरवावीत. शिबिराची संख्या वाढावी म्हणून ताप किंवा संपर्क लपविण्याचा आग्रह कोणासही करू नये. खरे सांगून परत गेलेला दाता हाही रुग्णाचे रक्षणच करीत असतो.