डोळ्यांतली रिकामी जागा

'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले' असे आपण ठासून सांगतो. आज त्या डोळ्याचीच साक्ष तपासू या.

डावा डोळा मिटा. दोन्ही हात समोर ताठ धरा. मुठी जवळ, अंगठे वर. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच पाहत राहा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. वीतभर जाण्याच्या आतच त्याचे टोक नाहीसे होईल! आणखी सरकवा, पुन्हा दिसेल.

याचे कारण काय? डोळ्याच्या आतील पडद्यावरून जेथे दृष्टीची नाडी मेंदूकडे निघते, तेथे प्रकाश ग्रहण करणारे काहीच नसते. फ्रान्समधील मारिओत या पंडिताने हे १६६८ साली प्रसिद्ध केले. पण खरी मौज पुढेच आहे. ती जागा काळी दिसत नाही. आजूबाजूचा रंग घेऊन मन ती परस्पर भरून टाकते.

नैयायिक म्हणतात, पदार्थ इंद्रियापुढे असला तरी मन तेथे नसेल तर ज्ञान होत नाही. इथे उलटेच! इंद्रियाला काही मिळाले नाही, तरी मन म्हणते, 'दिसले.'

एकदा दिंडीत मी एका पोराला चारचौघांत बोललो, "माझे गाठोडे तूच उचललेस, मी पाहिले." गाठोडे माझ्याच राहुटीत निघाले. पोर पुढल्या वर्षी वारीला आले नाही. डोळ्याने त्याला फक्त जाताना पाहिले होते. बाकीचे मनाने भरले.

तेव्हा बाबांनो, कोणाविरुद्ध साक्ष देण्याआधी तो अंगठा आठवा.