दार चार फुटी, नकाशात सव्वातीन

पुण्यातल्या एका जुन्या धर्मादाय रुग्णालयाचं वाय-फाय बदलायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा या व्यवसायात मला अकरा वर्षं झाली होती. इमारत तीन मजल्यांची. पुढचा भाग काळ्या दगडाचा, मागे नंतर जोडलेली काँक्रीटची विंग. परिचारिकांच्या हातात वाय-फायवर चालणारे फोन द्यायचे होते, म्हणजे वॉर्डातून वॉर्डात चालत जाताना बोलणं तुटायला नको होतं. अशा फोनसाठी सगळीकडे किमान उणे ६७ डीबीएम सिग्नल मिळावा असा दंडक धरतात. मीही तोच धरला होता.

जुने अॅक्सेस पॉइंट (एपी) सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही मजल्यांचे नकाशे आधीपासून चढवलेले होते. ते तिथून बाहेर काढायचे, कव्हरेजचं नियोजन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचे आणि त्यावर नवे एपी मांडायचे, असा बेत. निर्यात केली, फाइल उघडली. मजले क्रमाने लागलेले, एपींची नावं बरोबर, ठिपके जिथल्या तिथे. स्केलही सोबत आलेलं. नकाशा नव्याने चढवून, दोन बिंदू धरून, मीटर टाकून स्केल लावायचा खटाटोप वाचला याचं मला समाधान वाटलं. आलेलं स्केल मी तपासलं नाही.

नियोजनात मजल्यामागे ९ एपी पुरतील असं दिसलं. सगळा मजला हिरवा. २७ एपींची खरेदी झाली, केबल ओढली, जोडणी झाली. पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या. टोकाच्या खोल्यांत आवाज तुटतो, दगडी भागातून विंगेत जाताना कॉल पडतो. मी दहा दिवस चॅनल बदलत होतो, पॉवर कमीजास्त करत होतो, फोनचं फर्मवेअर तपासत होतो. त्या दहा दिवसांत रात्रपाळीच्या सिस्टर पुन्हा लँडलाइनपर्यंत धावत होत्या. हे मी आजही विसरलेलो नाही.

चूक सापडली ती देखभाल विभागातल्या मिस्त्रींना. नव्या केबलचा मार्ग ठरवायला मी त्यांच्यापुढे मापं टाकलेला नकाशा पसरला होता. त्यांनी वॉर्डाच्या दारावर बोट ठेवलं. म्हणाले, "साहेब, हे दार सव्वातीन फुटांचं दाखवलंय. यातून आमची खाट कशी जायची? चार फुटी दार आहे हे. चौकट मीच बसवलीय." आम्ही दोघं टेप घेऊन गेलो. दार चार फुटांचंच होतं.

मग मूळ चित्र उघडलं तेव्हा सगळा उलगडा झाला. चित्राची रुंदी २,५०० पिक्सेल, त्यात इमारत २,००० पिक्सेलची. उरलेल्या ५०० पिक्सेलमध्ये उजवीकडचा वास्तुविशारदाचा टायटल ब्लॉक, उत्तरेचा बाण आणि कोरा समास. काही वर्षांपूर्वी ज्यांनी हे चित्र चढवलं त्यांना सॉफ्टवेअरने रुंदी विचारली आणि त्यांनी इमारतीची खरी लांबी भरली, ६४ मीटर. सॉफ्टवेअरने ती समासासकट अख्ख्या चित्राला लावली. त्यामुळे इमारत ५१ मीटरची झाली. दुसरी बाजू चित्राच्या प्रमाणात आपोआप आक्रसली, म्हणून नकाशा वाकडा दिसला नाही, फक्त लहान झाला. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने कुणाचं अडलं नाही, कारण तिथे नकाशा बघायचा तो कुठला एपी कुठे लटकतोय एवढ्यासाठीच. नियोजनात मात्र प्रत्येक गणित अंतरावर उभं असतं.

अंतरात पाचवा हिस्सा कमी, म्हणजे क्षेत्रफळात एक तृतीयांशाहून जास्त कमी. माझा मजला प्रत्यक्षात १,५३६ चौरस मीटरचा, सॉफ्टवेअरच्या लेखी तो ९८३ चौरस मीटरचा. दोन एपींमध्ये मी १२ मीटर ठेवले होते, ते छतावर १५ मीटर झाले. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने घटतो, सव्वापट झालं तर सुमारे २ डेसिबलने. एवढ्याने कदाचित निभावलंही असतं. पण भिंतींचाही घोळ होता, आणि तो जास्त जड होता.

निर्यातीत भिंती आल्या होत्या, पण जुन्या नकाशात त्या एकाच प्रकाराने काढलेल्या होत्या, ऑफिसातल्या हलक्या पार्टिशनसारख्या. जिप्समचं पार्टिशन साधारण ३ डेसिबल खातं, विटांची भिंत १० च्या आसपास. ३ डेसिबल म्हणजे शक्ती निम्मी, १० म्हणजे दहावा हिस्सा. आमची दीड फुटी दगडी भिंत मी नंतर मोजली. एका बाजूला स्टँडवर एपी, दोन्ही बाजूंना भिंतीलगत वाचन. फरक २० डेसिबलच्या पुढे होता. म्हणजे पलीकडे शंभरावा हिस्सासुद्धा पोचत नव्हता, आणि मी नकाशावर तिथून अर्धी शक्ती जाते असं धरून बसलो होतो. क्ष-किरण खोलीच्या शिशाच्या अस्तराचा तर नकाशात मागमूसही नव्हता.

दुरुस्तीत मजल्यामागे १४ एपी लागले. वाढीव खर्चाचा काही भाग मी सोसला, काही रुग्णालयाने. पैशांपेक्षा अवघड होतं ते चालू वॉर्डात पुन्हा भोकं पाडणं. धूळ उडू नये म्हणून ड्रिलच्या तोंडाशी व्हॅक्यूम धरून, रुग्ण दुसऱ्या वॉर्डात हलवून, एका वेळी दोनच खोल्या. हे सगळं आधी एक दार आणि एक भिंत न मोजल्यामुळे.

म्हणून हे काम नव्याने करणाऱ्यांना मी आता जे सांगतो ते इथे लिहितो.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट सेंटर या नेटवर्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एकाहाऊ या वाय-फाय नियोजनाच्या सॉफ्टवेअरसाठी प्रोजेक्ट फाइल काढण्याची सोय आहे, इतर कंपन्यांच्या साधनांतही अशा वाटा असतात. त्या वापराव्यात, मीही वापरतो. एपींची नावं आणि जागा हाताने उतरवताना होणाऱ्या चुका त्याने टळतात. पण निर्यात म्हणजे आधीच्या माणसाने जे भरलं ते जसंच्या तसं पुढे जाणं. सॉफ्टवेअर त्यात काही तपासत नाही. एकाहाऊची ईएसएक्स फाइल तर खरं म्हणजे झिपच असते. तिची एक प्रत काढून उघडली की आतलं मजल्याचं चित्र समासासकट दिसतं आणि जेसन फाइलींत स्केलचा आकडाही सापडतो. आमच्या चित्राला तो पिक्सेलमागे ०.०३२ मीटर हवा होता, तो ०.०२५६ होता. दोन्ही आकडे इतके जवळचे की नुसते बघून कुणाला शंका यायची नाही. जागेवर मोजल्यावरच कळतं.

मोजताना लांबात लांब अंतर धरा. दारावरून चूक सापडते, पण स्केल दारावर लावू नये. चार फुटी दार आमच्या चित्रात जेमतेम ३८ पिक्सेलचं होतं. क्लिक करताना दोन पिक्सेल इकडेतिकडे झाले तरी पाच टक्के चूक. तेच दोन पिक्सेल इमारतीच्या पूर्ण लांबीवर हजारात एक. लेझर मीटरने कॉरिडॉरची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घ्या, तिच्यावर स्केल लावा आणि मग आडव्या दिशेची एखादी भिंत मोजून पडताळा. एका दिशेने बरोबर आणि दुसरीने चूक आलं, तर चित्र कुणीतरी ताणलेलं आहे. ते टाकून द्या, मूळ चित्र मागवा.

मूळ चित्रावरून एक गोष्ट. रुग्णालयांकडे, शाळांकडे बहुधा महापालिकेचा मंजूर नकाशा असतो आणि त्यावर १:१०० लिहिलेलं असतं. ते प्रमाण त्या कागदापुरतं. ए-वन आकाराचा कागद ए-थ्रीवर छापला की तोच नकाशा १:२०० होतो, आणि वरची अक्षरं मात्र १:१०० असंच सांगत राहतात. शिवाय मंजुरीनंतर किती पार्टिशनं उठली, किती दारं बुजली, हे त्या कागदाला माहीत नसतं. शक्य असेल तर वास्तुविशारदाकडून ऑटोकॅडची फाइल घ्या. फर्निचर, मापांच्या रेघा, हॅच हे थर बंद करा, एकेक मजला वेगळा काढा आणि एकक मिलिमीटर आहे की मीटर, हे एका ओळखीच्या अंतरावरून बघा. मग तो नकाशा हातात घेऊन सगळ्या मजल्यांवरून एकदा चाला.

भिंतींच्या बाबतीत सॉफ्टवेअरमधल्या तयार आकड्यांवर विसंबू नका. प्रत्येक प्रकारची एकतरी भिंत मोजा. महाराष्ट्रातल्या जुन्या इमारतींत एकाच मजल्यावर दगड, वीट, काँक्रीट आणि प्लायवूड अशी सरमिसळ सर्रास सापडते.

एपीची उंची आणि अँटेनाची दिशाही तपासा. कित्येक नकाशांत उंचीच्या रकान्यात सुरुवातीला भरलेले १० फूट तसेच राहिलेले असतात आणि एपी लटकतोय १४ फुटांवर. मजले एकमेकांवर बरोबर बसवायला जिन्याचा कोपरा, लिफ्टचा डक्ट अशा सगळ्या मजल्यांवर एकाच जागी असलेल्या खुणा वापरा. नाहीतर वरच्या मजल्याचा सिग्नल खाली भलत्याच खोलीत उतरलेला दिसतो.

आणि ही फाइल व्हॉट्सॲपवर फिरवू नका. तिच्यात औषधांचं भांडार, सर्व्हर रूम, अतिदक्षता विभाग, सगळं मापासकट असतं. कुणाला द्यायची, कुठल्या क्लाउडवर ठेवायची, याची संस्थेकडून लेखी परवानगी घ्या.

त्या रुग्णालयाच्या तिन्ही नकाशांवर आता एका कोपऱ्यात मोजलेलं अंतर, मोजणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिलेली आहे. तळमजल्याच्या नकाशावर नाव मिस्त्रींचं आहे. तुमच्या नकाशावरही अशी एक ओळ लिहा, म्हणजे पुढे तो निर्यात करणाऱ्याला ती दिसेल.